गाठ पडली ठकाठका

इंग्रजीत माणसं एकमेकांना सहजासहजी भेटत नाहीत. ती एकमेकांवर आदळतात. रस्त्यात अचानक जुना मित्र दिसला, तर साहेब साधं 'मीट' म्हणून मोकळा होत नाही. तो 'रन इन्टू' म्हणतो, म्हणजे पळत जाऊन मित्राच्या अंगात घुसतो. नाहीतर 'बम्प इन्टू' म्हणतो, म्हणजे धडक देतो. जरा सभ्य असला तर 'कम अक्रॉस' म्हणतो, म्हणजे मांजरासारखा आडवा येतो. आणि एखादी मौल्यवान वस्तू अवचित हाती लागली तर 'स्टम्बल अपॉन', म्हणजे तिला चक्क ठेचकाळतो! ओळख करून दिल्याखेरीज शेजाऱ्याशी हवापाण्यापलीकडे बोलू नये, असं जिथं मानतात म्हणे, तिथं ओळखीच्या माणसाची ही गत.

आम्ही मराठी शाळेतले. पाचवीत ए, बी, सी, डी आणि आठवीत एकदम 'पुट अप, पुट ऑफ, पुट ऑन, पुट आउट'. एका 'पुट'ला शेपटं बदलून कंदील विझतो काय, कोट अंगात चढतो काय आणि सभा पुढे ढकलली जाते काय! मास्तरांना कारण विचारलं तर ते म्हणत, "कारण विचारू नकोस, पाठ कर." पुढे बँकेतही वरिष्ठांकडून हेच वाक्य ऐकायला मिळालं.

कारण मात्र आहे, आणि ते आपल्याला अगदीच परकं नाही. संस्कृतात एक 'हृ' धातू घ्या. त्याच्या आधी उपसर्ग लावत गेलात की आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असा अख्खा जीवनक्रम तयार होतो. जुनी इंग्रजीही याच जातीची. तिथेही उपसर्ग क्रियापदाच्या आधी चिकटून बसायचा. 'अंडरस्टँड', 'फरगिव्ह', 'विथस्टँड' ही त्या घराण्यातली अजून हयात असलेली वडीलधारी मंडळी. पण हळूहळू हे उपसर्ग झिजू लागले. अशात १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. सगळा दोष विल्यमच्या माथी मारता येणार नाही, झीज आधीपासूनच सुरू होती. पुढच्या दोन-तीन शतकांत मात्र 'अप', 'आउट', 'ऑफ' ही मंडळी आधीची जागा सोडून क्रियापदाच्या शेपटीला जाऊन बसली. पीटरबरोच्या मठातल्या साधूंनी ११५४ सालापर्यंत जी बखर लिहिली, तिच्या शेवटच्या भागात अशा शेपटीचा एक फार जुना नमुना मिळतो. कोणता? 'गिव्ह अप'! पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांचं काय होणार, हे त्या साधूंना आधीच कळलं असावं.

डॉक्टर जॉन्सननं १७५५ साली आपला प्रसिद्ध कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत प्रांजळपणे लिहून टाकलं की क्रियापदाला मागून शब्द जोडण्याचा हा प्रकार परक्या माणसाला सगळ्यात जड जातो. कशालाही जोडता येणाऱ्या सैल क्रियापदांची यादीही त्यानं दिली, आणि तिच्यात 'रन' आहे. हा 'रन' पुढे इतका पळाला, की ऑक्सफर्ड कोशाच्या मंडळींनी अलीकडे त्याचे अर्थ मोजले ते ६४५ भरले. गंमत म्हणजे या जातीला धड नाव नव्हतं. १९२५ साली लोगन पिअर्सल स्मिथ या गृहस्थानं आपल्या पुस्तकात 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव छापलं, आणि ते ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं कबूलही केलं. म्हणजे रोग आठशे वर्षांचा आणि नाव पडून अजून पुरती सव्वाशे वर्षंही झालेली नाहीत.

या 'रन इन्टू'चा खरा धोका असा, की भेटणं आणि वाहन घालणं या दोन्हीला शब्द एकच. आमच्या बँकेत सहीचं मस्टर होतं तेव्हाची गोष्ट. एक सहकारी पाऊण तास उशिरा आला. लेखी खुलासा मागवला गेला. त्यानं नुकताच इंग्रजी संभाषणाचा वर्ग लावलेला. त्यानं लिहिलं की स्कूटरवरून येताना स्टेशनच्या कोपऱ्यावर 'आय रॅन इन्टू द रीजनल मॅनेजर', सबब उशीर झाला. कागद वर गेला. आठ दिवसांनी वरून विचारणा आली: पोलिसात वर्दी दिली होती काय? वाहनाचा क्रमांक कोणता? आणि रीजनल मॅनेजर यांच्या प्रकृतीस आता कसे आहे? सहकाऱ्यानं घाबरून उत्तर दिलं की कुणालाही इजा झाली नाही, साहेबांनी थांबवून चहा पाजला. त्यावर दुसरा मेमो: कामाच्या वेळेत अपघातग्रस्त अधिकाऱ्यासोबत चहा का घेतला, याचा खुलासा करावा.

आता हाच गडी मराठीत काय म्हणाला असता? "साहेब भेटले." संपलं! कोण आदळलं, कोणावर आदळलं, वेग काय होता, काही प्रश्नच नाही. 'गाठ पडली' म्हटलं की गाठ आपली आपण पडते, झाडावरून आंबा पडावा तशी. (तीच गाठ 'गाठ माझ्याशी आहे!' म्हणून आली, की समोरच्यानं गल्ली बदलावी हे वेगळं.) आणि कुणी नको तेव्हा आलंच, तर 'टपकला', 'उपटला', 'कडमडला' अशी आमची स्वदेशी दारूगोळ्याची कोठी भरलेली आहेच.

पण मराठीची खरी करामत या शिव्यांत नाही, एका प्रत्ययात आहे. 'मी त्याला भेटलो' आणि 'मला तो भेटला' ही दोन वाक्यं नीट ऐका. पहिल्यात मी घरून निघालो, जिना चढलो, घंटी वाजवली. दुसऱ्यात मी भाजी घेत होतो आणि तो समोर आला. साहेबाला ज्यासाठी पळावं, धडकावं, ठेचकाळावं लागतं, ते आम्ही 'मी'चा 'मला' करून उरकतो. आम्हा बी. कॉम. मंडळींना हे चटकन पटतं. घेणाऱ्याला नावे, देणाऱ्याला जमा. 'मला' म्हटलं की भेट माझ्या नावे पडली, मी ती मागितली नव्हती. थकलेल्या कर्जाचा खातेदार बाजारात समोर आला तर तो नेमकी हीच नोंद फिरवतो. "अरे वा, साहेब! मीच तुम्हाला भेटायला निघालो होतो," म्हणतो. पिशवीत मासळी असते आणि पाय बँकेच्या उलट दिशेला.

हा 'मी' आणि 'मला'चा फरक कधीकधी महागात जातो. २८ एप्रिल १८१९ रोजी मद्रासकडच्या घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या दरीत फिरत होता. समोरच्या कड्यात त्याला एक कमान दिसली. ती अजिंठ्याची. इंग्रजी पुस्तकं म्हणतात, तो लेण्यांवर 'केम अक्रॉस' झाला. इथवर ठीक आहे, बिचारा वाघाला भेटायला गेला होता आणि भेटले बोधिसत्त्व. म्हणजे मराठीत 'स्मिथला लेणी दिसली'. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात मात्र ते 'स्मिथने लेण्यांचा शोध लावला' असं उतरलं. 'ला'चा 'ने' झाला आणि दोन हजार वर्षांचा मामला एका दुपारच्या नावे जमा झाला. आसपासच्या गावकऱ्यांना ती लेणी ठाऊक होती. त्यांनी शोध लावला नव्हता, कारण त्यांची ती हरवलेलीच नव्हती.

स्मिथनं दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. पुढे ढीग उपसला गेला. त्यामुळे ती सही आता आपल्या डोक्याच्या बरीच वर आहे. आम्ही गेलो तेव्हा ती शोधता शोधता माझी मान अवघडली, आणि मागे सरकताना मी एका काकांवर आदळलो. ते नागपूरचे निघाले, आमच्या मेहुण्यांचे शेजारी. घरी आल्यावर मी हिला म्हटलं, "अगं, तिथं मला तुमच्या नागपूरचे एक काका भेटले." खरं तर साहेबाच्या हिशेबानं मी त्यांच्यात 'रन इन्टू' झालो होतो, दोन्ही अर्थांनी.