फाळापासून पात्यापर्यंत

जुन्या गावगाड्यात लोखंडाची दुरुस्ती हा रोख पैशाच्या देवघेवीचा व्यवहार नव्हता. हक्क आणि कर्तव्य यांच्या परस्परबंधनात गुंफलेला आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो एक अलिखित करार होता. सुतार आणि लोहार यांची गणना बलुतेदारांच्या थोरल्या कासेत होत असे. मृगाच्या आधी नांगराचे फाळ आणि कुळवाच्या पासा लोहाराच्या भात्यासमोर येऊन पडत, तो त्या पाजवून, वाकलेल्या सरळ करून, झिजलेल्यांना नव्या लोखंडाचा जोड देऊन परत करी, आणि वर्षभराच्या या चाकरीचा मोबदला त्याला सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. मुलकी खात्याच्या नोकरीत खेड्यांचा संसार जवळून पाहिलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली प्रसिद्ध झालेल्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे दोष परखडपणे मांडले, आणि ते दोष खरे होते: ज्याचे बलुते वतनाने कायम, त्याला आपले काम सुधारण्याची निकड उरत नसे, आणि लोहाराच्या पोटी जन्मलेल्या बुद्धिमान मुलालाही ऐरणीखेरीज दुसरी वाट मोकळी नसे. त्या बंधनांचा गौरव करण्याचा माझा हेतू नाही. परंतु अवजार मोडले तर ते दुरुस्त करणारा हात शिवारापासून हाकेच्या अंतरावर असणे, हे जे एक फार मोठे सुख त्या व्यवस्थेने कुणब्याला दिले होते, ते नाहीसे झाल्यावर त्याची भरपाई कोणी आणि कशी केली, हा आपल्या ग्रामीण इतिहासातील एक उपेक्षित विषय आहे. आज वस्तीवर गोठ्याच्या कडेला छोट्या ट्रॅक्टरचा मोडका पंखा खोलून बसलेला शेतकरी पाहिला म्हणजे, तो एक किरकोळ बिघाड दुरुस्त करीत आहे एवढेच मनात येत नाही. त्या दीर्घ इतिहासाचा तो वारस आहे, असे मला वाटते.

या इतिहासाला पहिले वळण मिळाले ते लोखंडी नांगराने. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर घडविले, आणि 1910 साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा केला. लोखंडाने काळी आई विषारी होईल, या समजुतीमुळे आरंभीचे नांगर खपेनात, ही हकीकत सर्वश्रुत आहे. परंतु त्या नांगराने आणलेल्या दुसऱ्या एका परिवर्तनाचा उल्लेख क्वचितच होतो. घडीव लोखंड तापवून, ठोकून, वाढवून पुन्हा कामास लावता येते. ओतीव लोखंड घणाखाली धरले तर तडकते. त्यामुळे ओतीव भाग झिजला की तो लोहाराकडे नेण्यात अर्थ राहिला नाही. त्याच मापाचा दुसरा भाग विकत आणून बोल्टाने जखडावा लागे. सुटा भाग ही कल्पना अशा रीतीने खेड्यात प्रथम अवतरली, आणि तिच्याबरोबर पाना आला, बोल्ट आला, दुकान आले आणि रोख पैसाही आला. बलुत्याच्या धान्यातून ओतीव फाळ मिळत नसे.

दुसरे वळण विहिरीच्या थारोळ्यावर आले. धावेवरून वर-खाली जाणारे मोटेचे बैल हे शतकानुशतकांचे दृश्य तेलइंजिनाने हळूहळू मागे सारले. सातारा रोड येथील कूपर यांच्या कारखान्यात आणि पुढे 1946 पासून खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्समध्ये ही इंजिने तयार होऊ लागली. 1883 आणि 1884 च्या कायद्यांखाली विहिरी, बैल आणि बी-बियाणे यांसाठी तगाई देणाऱ्या सरकारी दप्तरांत इंजिनांच्याही नोंदी पडू लागल्या. इंजिनाच्या पोटात जळणाऱ्या तेलाच्या उष्णतेपैकी ढोबळमानाने तिसरा हिस्साच कामी येतो. उरलेली काही धुराड्यातून जाते आणि काही सिलिंडरच्या भिंतीत साठते. ती वेळीच काढून घेतली नाही तर वंगण पातळ होते, पिस्टन फुगून जखडतो, आणि अखेर सारे यंत्र निरुपयोगी होते. विहिरीवरच्या इंजिनाला ही चिंता फारशी नव्हती. त्याच्या पायाशीच पाणी होते. पंपाने उपसलेल्या धारेचा एक लहानसा फाटा इंजिनाच्या अंगातून फिरवून पाटात सोडला, की उष्णतेचा प्रश्न सुटे, किंवा शेजारी पाण्याची टाकी ठेवली की तापलेले पाणी आपोआप वर चढून थंड पाण्याला खाली जागा करून देई. तेथे पंख्याची आवश्यकताच नव्हती.

पंख्याची आवश्यकता निर्माण झाली ती इंजिन विहीर सोडून शेतात चालू लागले तेव्हा. ज्या यंत्राला पाण्यापासून दूर जावयाचे, त्याला आपले पाणी बरोबर बाळगावे लागते. आणि तेच थोडे पाणी पुनःपुन्हा वापरावयाचे, तर ते दर फेऱ्याला थंड झाले पाहिजे. रेडिएटरच्या बारीक नळ्या आणि पत्र्याच्या पातळ घड्या यांतून वारा खेळविण्याचे काम मोटारीच्या बाबतीत तिचा स्वतःचा वेगही बऱ्याच अंशी करतो; ट्रॅक्टर मात्र नांगरताना माणसाच्या चालीनेच जातो, नेमका तेव्हाच त्याच्यावर सर्वाधिक भार असतो, आणि ते दिवसही बहुधा चैत्र-वैशाखाचे असतात. अशा वेळी समोरून येणारा वारा जवळजवळ शून्य. म्हणून ट्रॅक्टरचा पंखा ही सोय नव्हे, ते त्याचे श्वसन आहे. 1917 साली कारखान्यातून बाहेर पडू लागलेल्या फोर्डसन ट्रॅक्टरला पाण्याचा पंप नव्हता, उष्ण पाणी आपल्याच हलकेपणाने वर चढे; परंतु रेडिएटरमागचा पंखा त्यालाही सुटला नव्हता.

आपल्या देशात ट्रॅक्टरचा मोठ्या प्रमाणावर प्रवेश झाला तो सरकारी मार्गाने. कांस नावाच्या चिवट तणाने ओसाड पडलेल्या विस्तीर्ण जमिनी मोडून काढण्यासाठी केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली, आणि त्या कार्यासाठी जागतिक बँकेने 1949 साली एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. 1959 साली फरिदाबादेत आयशरचा ट्रॅक्टर तयार झाला. त्याचे मूळ जर्मन इंजिन पाण्याने नव्हे तर हवेने थंड होणारे होते, आणि तेथे वारा घालणारा झोतपंखा हाच सारा आधार होता. 1961-62 साली देशभरात तयार झालेल्या ट्रॅक्टरांची संख्या अवघी 880 होती. मुंबईस 1963 साली इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. पूर्व युरोपातून रशियन, झेक, पोलिश आणि रुमानियन ट्रॅक्टरही येत राहिले. इतक्या देशांची, इतक्या मापांची यंत्रे एकाच जिल्ह्यात नांदू लागल्यावर सुट्या भागांचे दुर्भिक्ष अटळ होते. ऐन हंगामात एका पट्ट्यासाठी वा पंख्यासाठी ट्रॅक्टर उभा राहणे, आणि मालकाने मुंबईच्या पेढ्यांचे उंबरठे झिजविणे, हा त्या काळचा सार्वत्रिक अनुभव होता.

या दुर्भिक्षानेच एक नवा कारागीरवर्ग घडविला, आणि त्याचे ऋण मराठी मुलखाने पुरेसे मानलेले नाही. 1948 साली पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, त्यानंतर तालुक्यातालुक्यात आगारे उघडली. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याच्यामागून इतर कारखाने आले, आणि त्या प्रत्येकाबरोबर एक कार्यशाळा आली. या आगारांत आणि कार्यशाळांत हात काळे करून शिकलेले फिटर, टर्नर आणि वेल्डर पुढे तालुक्याच्या रस्त्यांवर, बाजार समितीच्या आसपास, पत्र्याच्या शेडांत आपापली दुकाने थाटून बसले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळा इंजिनांचे भाग ओतीत होत्याच. जो भाग बाजारात मिळत नाही तो लेथवर कातून देणे, फुटलेल्या जागी पितळेचा टाका भरणे, एका देशाच्या पंपावर दुसऱ्या देशाचा पंखा बसेल अशी चकती तयार करणे, हे सारे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते; ते मेस्त्रीच्या हातातून शागिर्दाच्या हातात जात असे. बलुतेदारीत ही विद्या जन्माने मिळे. येथे ती कोणत्याही जातीच्या मुलाला श्रमाने मिळू लागली. हा फरक मला लोखंडी नांगराइतकाच क्रांतिकारक वाटतो.

छोट्या ट्रॅक्टराने ही विद्या अखेर शेतकऱ्याच्या घरात आणली. नाशिक, सांगली या भागांत द्राक्षांच्या दोन ओळींत आठ-दहा फुटांचे अंतर, वर मांडवाच्या तारा. तेथे मोठा ट्रॅक्टर शिरत नाही. बंगळुरूच्या कारखान्यातून आलेला साडेअठरा अश्वशक्तीचा मित्सुबिशी-शक्ती आणि त्याच्या मागून आलेली तत्सम यंत्रे फवारणीसाठी बागायतदारांच्या दारात उभी राहिली. फवारणी ही अशी बाब आहे की, ढग आले आणि औषध पडले नाही तर घड हातचे जातात. मेस्त्री उद्या येईल, या आश्वासनावर बागायतदाराला थांबता येत नाही. त्यामुळे तो स्वतःच पाना हाती घेऊ लागला.

पंखा मोडण्याची कारणे बहुधा पंख्याबाहेरच असतात. तो पाण्याच्या पंपाच्या दांड्यावरच बसविलेला असतो. त्या दांड्याचे बेअरिंग झिजले की पाती डगमगू लागतात आणि एखाद्या धक्क्यासरशी पुढच्या रेडिएटरला घासतात. कधी पट्टा तुटून त्याचे टोक पात्यांत अडकते, कधी मांडवाची तुटकी तार आत ओढली जाते, कधी इंजिनाखालचे रबर दबून सगळी जुळणी पुढे झुकते. पत्र्याचे एखादे पाते वाकले तर ते सरळ करण्याची जुनी रीत लोहाराचीच आहे: शाबूत पात्यांवरून पुठ्ठ्याचा नमुना कापावयाचा, आणि वाकलेले पाते लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने त्या नमुन्याशी जुळवीत आणावयाचे. पाते मुळापासून तुटले असेल आणि पात्यांची संख्या सम असेल, तर समोरचे पातेही कापून टाकण्याचा एक तात्पुरता उपाय मेस्त्री मंडळी करीत आली आहेत; दोन्ही बाजूंचा भार सारखा राहिल्यामुळे यंत्र थरथरत नाही, मात्र वारा कमी झाल्यामुळे त्यावर जड काम करता येत नाही. तुटलेले पाते वेल्डिंगने जोडून तसेच फिरविणे हा मात्र अविचार आहे. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चक्रातून निसटलेले पाते रेडिएटर तर फोडतेच, बाजूला उभ्या असलेल्या माणसाचाही घात करू शकते.

दुरुस्त पंख्याचा तोल पाहण्याची एक सुंदर रीत या कारागिरांत रूढ आहे. मधल्या भोकात घट्ट बसणारी गुळगुळीत, सरळ दांडी घालून ती समपातळीत ठेवलेल्या दोन पोलादी पट्ट्यांच्या धारेवर टेकवतात; जी बाजू जड ती सावकाश खाली येते, तिच्यावर खूण करून कानसीने थोडे थोडे घासतात, आणि चक्र कोणत्याही स्थितीत स्थिर राहू लागले की काम पुरे झाले असे समजतात. ऐरणीशेजारी बसून फाळाचा पोत आवाजावरून ओळखणाऱ्या लोहाराच्या आणि या कानस धरणाऱ्या बागायतदाराच्या एकाग्रतेत मला काहीच अंतर दिसत नाही.

अलीकडच्या छोट्या ट्रॅक्टरांना पत्र्याऐवजी साच्यातून काढलेले नायलॉनचे पंखे येतात. ते हलके असतात, गंजत नाहीत. परंतु तडकले की त्यांना हातोडाही लागू नाही आणि टाकाही. तेथे दुरुस्ती म्हणजे बदल. बागायतदार मोडका पंखा पिशवीत घालून तालुक्याच्या दुकानी जातो, पात्यांची संख्या, व्यास आणि बोल्टांच्या भोकांचे अंतर जुळवून पाहतो, आणि पाती कोणत्या बाजूस वळलेली आहेत याची विशेष खात्री करून घेतो. कारण पंखा उलटा बसविला तरी वाऱ्याची दिशा पूर्वीचीच राहते, फक्त त्याचा जोर घटतो, आणि सगळे ठीक दिसत असताना पाणी उकळू लागते. घरी आल्यावर रेडिएटरच्या जाळीत अडकलेला पालापाचोळा आतून बाहेरच्या दिशेने पाणी मारून काढावा, अंगठ्याने दाबला असता अर्धा इंच दबेल इतका पट्टा ताणावा, आणि नवा पंखा चढविण्यापूर्वी पंपाचा दांडा हाताने हलवून पाहावा. तो सैल असेल, किंवा पंपाच्या खालच्या बाजूच्या बारीक छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर बेअरिंग आणि सील त्याच वेळी बदलणे भाग आहे. नाहीतर नवी पातीही थोड्याच दिवसांत त्याच रेडिएटरला जाऊन घासतील.