आडात काय आहे?

कोंबडीपालनात नव्याने पडणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो असा : पिल्लं नामांकित हॅचरीतून घ्या, शक्यतो जवळच्या. सल्ला खोटा नाही, पण अर्धा आहे. हॅचरी नामांकित कशामुळे ठरते, हे त्यात कुणी सांगत नाही. खोका उघडल्यावर डोळे तरतरीत, पाय चकचकीत, बेंबी कोरडी आणि मिटलेली दिसली की घेणारा समाधानाने पैसे मोजतो. या खुणांवरून अंडी नीट उबवली होती का आणि वाटेत पिल्लांचे हाल झाले का, एवढं कळतं. ज्या कोंबडीच्या पोटी ते अंडं आलं तिच्याबद्दल त्या काही सांगत नाहीत. या धंद्याचा इतिहास पाहिला तर खरा प्रश्न सतत त्या न दिसणाऱ्या कोंबडीचाच होता आणि तो नावलौकिकाने कधीच सुटला नाही.

फार काळ हमी असायची ती मोजणीची. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारोंनी अंडी उबवण्याची कला प्राचीन आहे. अठराव्या शतकात रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. नाईलच्या मुखाकडच्या बेर्मे गावचे लोक ही विद्या घराबाहेर जाऊ देत नसत आणि अंडी देणाऱ्याला दोन तृतीयांश पिल्लं परत करण्याचा करार करीत. उरलेली त्यांची. करार चोख होता, पण तो संख्येचा. आजही अनेक हॅचऱ्या शेकड्यामागे दोन पिल्लं वर घालतात. हिशेबाची ती जुनी सवय अजून गेलेली नाही. पुढे १८७९ साली कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावात लायमन बाइस आणि आयझॅक डायस या दंतवैद्याने उबवणीचं सुधारित यंत्र बनवलं. मग १८९२ साली न्यू जर्सीतल्या स्टॉकटनच्या जोसेफ विल्सनने एक दिवसाची पिल्लं रेल्वेने दूरवर पाठवून दाखवली. यामागची युक्ती निसर्गाचीच होती. एकविसाव्या दिवशी कवच फोडण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्या शिदोरीवर दोन-तीन दिवस दाण्यापाण्यावाचून तग धरतं. १९१८ पासून तर अमेरिकेचं टपाल खातंही पिल्लांचे खोके नेऊ लागलं. अंडं देणारी कोंबडी एका गावी आणि पिल्लू वाढवणारा माणूस हजार मैलांवर, अशी ताटातूट इथे पुरी झाली.

त्या शिदोरीत आणखी काय बांधलेलं असतं, हे याच काळात उघड झालं. पिल्लांमधल्या जीवघेण्या पांढऱ्या हगवणीमागचा जंतू लिओ रेटगर यांनी एकोणिसावं शतक संपता संपता ओळखला. जगलेलं पिल्लू मोठं होऊन धडधाकट दिसतं, अंडी घालतं, पण जंतू त्याच्या अंडाशयात घर करून राहतो आणि अंड्यातून पुढच्या पिढीत उतरतो. यंत्रात अशी दोन-चार अंडी गेली तरी फुटताना उडणाऱ्या लवीबरोबर रोग शेजारच्या शेकडो पिल्लांवर बसतो. कधी कधी शंभरातली ऐंशी पिल्लं दगावत.

इथे कुणी म्हणेल, वाईट माल विकणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुन्हा जात नाही, बाजार आपोआप शहाणा होतो. इतर मालाच्या बाबतीत हे पुष्कळदा खरं आहे. पण ही मर पहिल्या दोन-तीन आठवड्यांतली, म्हणजे पिल्लं घेणाऱ्याच्या ताब्यात गेल्यानंतरची. ब्रूडरची ऊब कमी पडली, तूस ओलं होतं, पाणी खराब होतं, असं हॅचरीवाला म्हणणार आणि बरेचदा ते खरंही असणार. दोष कुणाचा हेच ठरत नसेल तर बदनामी तरी कुणाची होणार? १८९२ नंतर चाळीस वर्षं हा धंदा जाहिरातींवर आणि नावावर वाढला, रोग मात्र हटला नाही.

तो हटू लागला तो रक्ताच्या थेंबाने. १९१३ साली जोन्स यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी वापरून रोगवाहक कोंबड्या ओळखून दाखवल्या आणि १९३५ साली अमेरिकेत राष्ट्रीय कुक्कुट सुधार योजना सुरू झाली. योजना ऐच्छिक होती. पण तपासलेल्या कळपाची पिल्लं आणि न तपासलेल्याची, असा फरक बाजारात दाखवता येऊ लागला. हे मोठ्यांचे खेळ, छोट्या हॅचरीला परवडायचे नाहीत, हा आक्षेप मला पटत नाही. जोन्स यांच्या चाचणीनंतर जी झटपट चाचणी आली तिला पांढरी फरशी, रंगीत प्रतिजनाचा थेंब आणि पंखाखालच्या शिरेतलं थेंबभर रक्त पुरतं. दोनेक मिनिटांत गुठळ्या दिसतात की नाही ते पाहायचं. अंगणात बसून होणारं हे काम आहे.

आपल्याकडे खुडूक कोंबडी रवणीला बसवायची हीच रीत. तीच बरी होती, असं म्हणणाऱ्यांचं एक बरोबर आहे : आईच्या पंखाखालची ऊब कोणत्याही बल्बला साधत नाही. पण रवणीतल्या दहा-बारा पिल्लांतली चार गेली की घार नाहीतर मुंगूस आरोपी ठरायचं आणि कोंबडी निर्दोष सुटायची. रोग तेव्हाही असू शकत होता, मोजणी नव्हती. महाराष्ट्रात पुण्याची खडकी, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं उभी राहिली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज स्थापन केली आणि पुणे या व्यवसायाचं मोठं केंद्र झालं. तरी शेतकऱ्याशी होणारं बोलणं अजून नगावर आणि दरावरच अडतं. सरकारी योजनासुद्धा शंभर पिल्लांचा गट नाहीतर पंचवीस माद्या आणि तीन नरांचा तलंगांचा गट, अशा आकड्यांत बोलते.

आई अंड्यातून रोगच देते असं नाही. १९२७ साली कुमाऊंतल्या राणीखेतवरून नाव पडलेला रोग म्हणजे आपली मानमोडी. तिच्यावर आईला वेळेवर लस दिलेली असेल तर ते संरक्षण बलकातून पिल्लात उतरतं आणि सुरुवातीचे काही आठवडे टिकतं. मॅरेक्स या रोगाचं उलट आहे. त्याची लस हॅचरीतच पहिल्या दिवशी टोचावी लागते. नंतर घरी टोचू म्हणणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो.

राहिला 'जवळची' हा शब्द. जवळून आणलेल्या पिल्लाची शिदोरी वाटेत कमी खर्ची पडते, हा फायदा खरा. पण पंधरा किलोमीटरवरून आलेला जंतू पाचशे किलोमीटरवरून आलेल्यापेक्षा सौम्य नसतो. जवळच्या हॅचरीचा मोठा उपयोग दुसराच आहे : तिथे जाऊन विचारता येतं. तेव्हा बुकिंग करताना दराच्या आधी एवढं विचारा : अंडी कुठल्या कळपाची, त्या कळपाचं रक्त शेवटचं कधी तपासलं, आईला कोणत्या लसी दिल्या आणि मॅरेक्सची लस पिल्लांना टोचली का. आणि उत्तर पावतीवर लिहून मागा.