भालेराव, इंद्रजीत

(जन्म : ५ जानेवारी १९६५). मराठी कवी आणि ललितगद्यकार. जन्म वसमत तालुक्यातील रिधोरा येथे, शेतकरी कुटुंबात. वसमत तालुका त्या वेळी परभणी जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला आणि कवी जागचा न हलता त्याचे जन्मगाव शेजारच्या जिल्ह्यात गेले. कर्मभूमी परभणीच राहिली. तेथील ज्ञानोपासक महाविद्यालयात त्यांनी मराठीचे अध्यापन केले.

पहिला कवितासंग्रह ‘पीकपाणी’ १९८९ साली आला. त्यामागोमाग ‘आम्ही काबाडाचे धनी’ (१९९२) आणि ‘दूर राहिला गाव’ (१९९४) हे संग्रह आले. ‘कुळंबिणीची कहाणी’, ‘गावाकडं’, ‘पेरा’, ‘टाहो’ आणि ‘मुलूख माझा’ ही पुढची पुस्तके. ‘लळा’ आणि ‘घरीदारी’ ही त्यांची गद्य पुस्तके.

भालेरावांची कविता कुठून येते हे त्यांच्या पुस्तकांच्या नावांवरूनच कळते. मराठवाड्यात दोन शेतकरी बाजाराच्या दिवशी भेटले, की खुशाली विचारून झाल्यावर लगेच ‘काय म्हणतंय पीकपाणी?’ असा सवाल येतो. या एका शब्दात पावसाचे मान, पिकाची तब्येत आणि घरातले बरेवाईट, सगळे येते. ‘काबाड’ म्हणजे ढोरमेहनत. तिचा कोणी ‘धनी’ होत नसतो. धनी असतो तो शेताचा, गुरांचा, वाड्याचा. काबाडाचीच मालकी सांगणाऱ्या शीर्षकात उपरोध आहे आणि ताठाही. ‘कुळंबीण’ हे ‘कुणबीण’ या शब्दाचे या भागातले रूप. पुस्तक छापताना ते प्रमाण केले असते, तर त्या बाईचा मुलूखच पुसला गेला असता.

पूर्णा, दुधना आणि गोदावरी या नद्यांच्या खोऱ्यातली ही काळी जमीन ज्वारी, कापूस आणि तुरीची. जमीन कसदार, पण बरीचशी पावसावर अवलंबून. १९७२ साली परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि नव्या वाणांना शहराचे नाव मिळू लागले. ‘परभणी मोती’ ही रब्बी ज्वारी त्यांपैकीच. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेचे १९८४ सालचे अधिवेशनही परभणीतच भरले. त्या वर्षी भालेराव एकोणीस वर्षांचे होते. शेतमालाच्या भावाचा प्रश्न तोवर पारावरून सभेच्या मैदानात आला होता. ‘पीकपाणी’तल्या शेतकऱ्याला स्वतःच्या हलाखीचा हिशेब विचारावासा वाटतो, त्यामागे हा काळ आहे.

लयीचा वारसा त्याहून जुना. परभणी जिल्ह्यातले गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. दळता-कांडताना म्हटलेल्या त्यांच्या अभंगांना इथल्या घराघरांतल्या जात्यांनी शतकानुशतके साथ दिली. जात्यावर समोरासमोर बसलेल्या दोघी एकच खुंटा धरतात, एकीचा हात घास टाकायला मोकळा होतो, आणि ओवीची ओळ त्या फेऱ्याच्या मापाने लांबते किंवा आखडते. पेरणीचेही तसेच. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईला बैलांच्या चालीने बी सोडावे लागते. मूठ सैल पडली तर तास दाट होते, आवळली तर विरळ. ‘कुळंबिणीची कहाणी’ ही दीर्घकविता कुणबी बाईच्या जगण्याभोवती फिरते, आणि या कामांतून घडलेले ओवीचे वळण तिच्या अंगात आहे.

मराठीत ही वाट अगदीच अनोळखी नव्हती. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली प्रसिद्ध झाली होती, ना. धों. महानोर यांच्या ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आल्या. महानोरांच्या रानात ओल, फुलोरा आणि शृंगार यांचा बहर आहे. भालेरावांचे रान कोरडवाहू. तिथे राबणाऱ्या माणसांची आणि जनावरांची गर्दी जास्त. ‘टाहो’पर्यंत येता येता हा आवाज अधिक कडक होतो, कारण मधल्या वर्षांत मराठवाड्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या सुरू झाल्या होत्या.

१९९५ साली परभणीला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते गिरणगावाचे कवी नारायण सुर्वे. कामगाराची बोली कवितेत आणणाऱ्या या कवीचा सन्मान परभणीत झाला, तेव्हा शेतकऱ्याची बोली घेऊन आलेले भालेरावांचे तीन संग्रह वाचकांसमोर होते.

भालेरावांची कविता पुस्तकाइतकीच व्यासपीठावरून पसरली. कवितेचे पुस्तक विकत न घेणाऱ्या गावांतही ती कानांनी पोचली. शहरी दोस्ताला गावाची वाट दाखवणारी त्यांची कविता तर शाळकरी मुलांच्याही तोंडी बसली. काही समीक्षकांना अशा कवितेत सभेचा सूर जास्त वाटतो. ऐकण्यासाठी रचलेल्या ओळीला पुनरुक्ती लागतेच, हे मात्र कीर्तन-भारुडाच्या मुलखात समजावून सांगावे लागत नाही.

अमेरिकेतील केंटकी राज्याचे कवी वेंडेल बेरी (जन्म १९३४) यांची आठवण येथे होते. न्यूयॉर्कमधील अध्यापन सोडून ते आपल्या मुलखात परतले, घोड्यांच्या औताने शेती करू लागले, आणि ‘द अनसेटलिंग ऑफ अमेरिका’ (१९७७) या ग्रंथात त्यांनी यंत्रशेतीने उठवलेल्या गावांची कैफियत मांडली. बेरींना परतता आले. भालेरावांची पिढी शिकून नोकरीला लागली आणि तालुक्याच्या, जिल्ह्याच्या गावी राहिली. ‘दूर राहिला गाव’ हे शीर्षक त्या पिढीचे आहे.

या कवितेमागच्या शेतीची अवजारे आता बदलली आहेत. कापूस-ज्वारीच्या रानांत सोयाबीन आले, पेरणी ट्रॅक्टरवर गेली, चाडे माळ्यावर पडले. २०२१ सालच्या १५ ऑगस्टपासून सातबाऱ्यावरच्या पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची सोय झाली. सरकारी नाव ‘ई-पीक पाहणी’. गावात मात्र एकमेकांना विचारतात ते असे : ‘पेरा लावला का?’