चेंडू, ठोकळे आणि 'कॉन्व्हेंट'



आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही बालवर्गाला लोक सर्रास 'कॉन्व्हेंट' म्हणतात, मग त्या शाळेचा चर्चशी काडीचा संबंध नसला तरी! परवा घरात नातीच्या प्रवेशाची चर्चा रंगली आणि मनात आलं, ख्रिस्ती मंडळींनी आपल्याकडे बालवर्ग आणला तेव्हा पोरं तिथे शिकत तरी काय होती?

त्यासाठी आधी जर्मनीत जावं लागेल. फ्रोबेल हा एका पाद्र्याचा मुलगा. १८३७ मध्ये त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. तिथे घोकंपट्टी नव्हती. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी ठोकळे, कागदाच्या घड्या, गाणी आणि बागकाम. चेंडू हे फ्रोबेलच्या लेखी ईश्वरी एकत्वाचं प्रतीक. मूल मात्र तो मजेत गडगडवत बसे! गंमत बघा, १८५१ मध्ये प्रशिया सरकारने या बालशाळांवर नास्तिकपणाचा ठपका ठेवून बंदी घातली. ती उठली १८६० मध्ये.

ही पद्धत मराठी मुलखात आणणाऱ्यांत पंडिता रमाबाई अग्रणी. १८८३ मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी अमेरिकेला गेल्या, तेव्हा फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टनचं शिक्षण घेतलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. तिथे आणि नंतर केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या पद्धतीला जागा मिळाली.

पण १८९३ मध्ये वादळ उठलं. सदनातल्या मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांनी सल्लागार समिती सोडली, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी म्हणता येत नाही. विश्वासाने पाठवलेल्या लेकरांचा प्रश्न होता. पण त्या गदारोळात ठोकळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं असेल?

म्हणजे तीच खेळणी प्रशियात नास्तिक ठरली आणि ज्या घरात ती आपल्याकडे आली, ते घर धर्मांतराच्या संशयात सापडलं. मोठी माणसं देवावरून भांडत राहिली. मुलाचा हात मात्र रंग, आकार, मोजणी आणि 'आता तुझी पाळी' एवढंच शिकत होता.

पुढे ताराबाई मोडकांनी हा धागा निराळ्या अंगाने उचलला. त्यांची प्रेरणा माँटेसरीची, पण महागडी साधनं आपल्या खेड्यांना कुठली परवडणार? १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी पानं, खडे, शिंपले हीच साधनं केली. शाळा थेट मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच.

आणि आज? 'कॉन्व्हेंट' हे नाव उरलं, ठोकळे गेले. तीन वर्षांच्या पोराला ओळीत ए बी सी डी गिरवायला बसवतात आणि वहीवर लाल शेरा मारतात. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ या वयासाठी खेळातून शिक्षण सांगितलंय खरं. फ्रोबेल तेच सांगून गेला होता, १८० हून अधिक वर्षांपूर्वी.

म्हणून सुनेला एवढंच सांगितलं, शाळा कुणाची आहे ते विचार, माध्यम विचार, फीसुद्धा विचार. पण त्याआधी वर्गात डोकावून बघ, पोरांच्या हातात काय आहे?

तुमच्या बालवर्गात काय होतं हातात? जरूर कळवा.