विटाळ आणि वारा

माझा आजा दुसरीपर्यंत शिकला, तेही वर्गाच्या दाराबाहेर, घरून नेलेल्या तरटावर बसून. मास्तर त्याची पाटी दुरून बघायचे. कुणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर घरी येईपर्यंत तहान. कोरोनाच्या दिवसांत 'सुरक्षित अंतर' हा शब्द कानी पडला तेव्हा मला पहिल्यांदा ते तरट आठवले. हे अंतर आम्हांला नवे नव्हते. त्याचा रोगाशी मात्र कधीच संबंध नव्हता.

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबईत आला. सुरुवातीला गोदीवरचे पोलीस शिपाई तापाने पडले. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट भयंकर होती. त्या साथीत मुंबईत युरोपियनांचा मृत्युदर हजारी ८.३, सवर्ण हिंदूंचा १८.९, आणि सरकारदप्तरी ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले त्यांचा ६१.६. विषाणूला जात कळत नाही, हे खरे. पण खोलीची लांबीरुंदी, पोटातली भाकर आणि डॉक्टरची फी यांना ती चांगली कळते.

त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्यांनी माठातले पाणी घेऊ नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. शहराने नुकतीच हजारो प्रेते उचललेली, आणि हे शिकलेसवरलेले लोक माठ राखत बसलेले! खोलीतली हवा मात्र सगळ्यांची एकच होती.

माणसातला इन्फ्लुएन्झाचा विषाणू सापडला १९३३ साली. पण हवेचा पुरावा मला सर्वांत स्पष्ट दिसतो तो एका शाळेत. १९७४ साली अमेरिकेत, रॉचेस्टरजवळच्या प्राथमिक शाळेत, दुसरीतल्या एका मुलीपासून चौदा वर्गांतल्या २८ मुलांना गोवर झाला. शाळेतल्या बहुतेक मुलांना लस टोचलेली होती. लागण झालेल्यांतली कितीतरी मुले तिच्या वर्गातली नव्हती. इमारतीतले यंत्र तीच हवा पुन्हा पुन्हा फिरवत होते. म्हणजे शिवण्याची गरजच नव्हती. आजारी माणूस बोलतो, खोकतो, पाढे म्हणतो, तेव्हा सूक्ष्म कण बाहेर पडतात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. वर्गात सर्वांत मोठ्याने बोलतो तो शिक्षक, हे आम्ही मास्तर मंडळी विसरतो.

आणि तरी २०२१ मध्ये आमच्या कॉलेजात टेबले पुसण्यावर सारा भर होता. जागतिक आरोग्य संघटनेने हवेतला प्रसार त्याच वर्षी स्पष्टपणे मान्य केला होता. स्टाफरूमच्या खिडक्या बंद, वर पंखा. एकामागून एक आम्ही चौघे पडलो. शिवाशिवीची सवय आमच्या हाडात इतकी मुरली आहे की रोगही आम्ही हातावरच शोधतो.

शाळा मार्च २०२० मध्ये बंद झाल्या. मधे काही वर्ग उघडले, पुन्हा मिटले. पहिली-दुसरीची पोरे तर दीड वर्षाहून जास्त घरीच होती. मोबाईल ज्याच्या घरी, शिक्षण त्याच्या घरी. आमच्या वस्तीतल्या दोन मुली ऊसतोडीला गेल्या, त्या वर्गात परत आल्याच नाहीत. शाळा उघडी ठेवायची तर वर्गात वारा खेळायला हवा. त्याला फार पैसा लागत नाही, पण ती मागणी आमच्या मोर्च्यांत अजून आलेली नाही.

परवा आज्याच्या शाळेत गेलो. इमारत नवी आहे. एका खोलीत दोन इयत्ता, दोन खिडक्या, त्यांतली एक कपाटामागे गेलेली. कपाट हलवा म्हणालो. मुख्याध्यापक म्हणाले, "सर, ठेवू कुठं?"