तीनशेचे साडेचारशे

गेल्या विकांताला भाचा घरी आला तो यादी घेऊनच. गेमिंगसाठी पीसी बांधायचाय, स्वतःच्या हातांनी. "मामा, सगळं ठरलंय. फक्त मदरबोर्ड राहिलाय. तो आपण सगळ्यात स्वस्त टाकू." यादी बघितली. अर्ध्याहून जास्त बजेट ग्राफिक्स कार्डाने खाल्लेलं, त्याखाली रायझन ५ ५६००, मग रंगीत दिव्यांचे सहा पंखे (सहा!), आणि तळाशी उरल्यासुरल्या पैशांत मदरबोर्ड. तर्क तसा बिनतोड. फ्रेम्स ग्राफिक्स कार्ड देतं, मदरबोर्ड एकही फ्रेम देत नाही. मग त्यात पैसे कशाला अडकवायचे?

मी लगेच काही बोललो नाही. कारण हाच तर्क मी २००३ साली बाबांना ऐकवला होता, आणि त्याचं पुढे काय झालं ते अजून लख्ख आठवतंय. ती गोष्ट येईलच. पण त्याआधी थोडं मागे जाऊया, कारण एक काळ असा होता की स्वस्त प्रोसेसर आणि बेताच्या किमतीचा मदरबोर्ड घेणारा माणूस सगळ्यात हुशार ठरायचा.

मुळात मदरबोर्ड "निवडायचा" असतो ही कल्पनाच आयबीएममुळे आली. १९८१ साली आयबीएमने पीसी काढला तो बाजारात मिळणारे सुटे भाग वापरून. कुणालाही नक्कल करता येईल असा. नकला झाल्याच. तरी सुरुवातीला मदरबोर्ड बनवणं सोपं नव्हतं, त्यावर छोट्या छोट्या चिप्सची अख्खी वसाहत असायची. १९८५च्या सुमारास चिप्स अँड टेक्नॉलॉजीज नावाच्या कंपनीने ही वसाहत मोजक्या चिप्समध्ये कोंबली. तोच चिपसेट. आता चिपसेट विकत घ्या, त्याभोवती तारा आखा, झाला मदरबोर्ड! तैवानमधल्या छोट्या कंपन्यांना हेच हवं होतं. एमएसआय आणि गिगाबाइट १९८६च्या, ईसीएस १९८७ची, असुस आणि ॲबिट १९८९च्या.

यातली मेख अशी, की चिपसेट सगळ्यांना एकाच दुकानातून मिळतो. महागड्या बोर्डावर जो चिपसेट, तोच स्वस्त बोर्डावर. मेंदू सारखाच. मग स्वस्त बोर्ड स्वस्त होतो कसा? बचत करायची ती चिपसेटच्या आजूबाजूच्या सामानात, म्हणजे गिऱ्हाईक जिथे बघत नाही तिथे. मदरबोर्डाचा पुढचा सगळा इतिहास मला तरी या एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो: पैसे नेमके कुठे वाचवले?

आता १९९८. त्या एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा गरिबांचा प्रोसेसर आणला. त्यात एल२ कॅश अजिबात नव्हती, म्हणजे हुशार पोराला वही न देता परीक्षेला बसवल्यासारखं. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. इंटेलने घाईघाईने चूक सुधारली आणि २४ ऑगस्टला सेलेरॉन ३००ए काढला. यात १२८ केबी कॅश थेट प्रोसेसरच्याच चिपवर, पूर्ण वेगाने धावणारी. त्याच दिवशी पेंटियम २ची ४५० मेगाहर्ट्झची आवृत्तीही आली. तिची कॅश ५१२ केबी, पण वेगळ्या चिप्सवर आणि निम्म्या वेगाची. किंमत? पेंटियम ६६९ डॉलर, सेलेरॉन १४९.

गंमत पुढे आहे. सेलेरॉनचा वेग ठरायचा तो ६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार, म्हणजे ३००. साडेचारचा आकडा कारखान्यातच कुलूपबंद. पण बसचा वेग कोण ठरवतं? मदरबोर्ड! आणि त्या वेळचा इंटेलचाच ४४०बीएक्स चिपसेट १०० मेगाहर्ट्झची बस अधिकृतपणे चालवायचा. शंभर गुणिले साडेचार करून बघा. एका सेटिंगमध्ये तीनशेचे साडेचारशे. आणि बहुतेक ३००ए हा वेग निमूटपणे सहन करायचे, कारण इंटेलची उत्पादनप्रक्रिया तोवर इतकी मुरली होती की आतली चिप मुळात ३००साठी जन्मलेलीच नव्हती. गेम्समध्ये हा दीडशे डॉलरचा प्राणी ६६९ डॉलरच्या पेंटियमच्या मांडीला मांडी लावून बसायचा. त्याच नोव्हेंबरात हाफ-लाइफ आला, तेव्हा मुहूर्तही उत्तम होता.

ज्यांचा बोर्ड प्रोसेसरला विचारून आपोआप ६६च लावायचा, त्यांनीही हार मानली नाही. प्रोसेसर तेव्हा कॅसेटसारखा स्लॉटमध्ये उभा बसायचा. त्याच्या बी२१ या पिनवर चिकटपट्टी लावली, की बोर्डाला वाटायचं हा १०० वालाच आहे. पट्टी नसेल तर नेलपॉलिश! जगभरातल्या किती बहिणींच्या नेलपॉलिशच्या बाटल्या या कामी आल्या असतील देव जाणे :-)

पण खरा हीरो होता ॲबिटचा बीएच६. बाकीच्या बोर्डांवर वेग बदलायचा तर पेटी उघडून, बारीक चिमट्याने जंपर हलवावे लागत. ॲबिटने हे सगळं बायॉसच्या एका पानावर आणून ठेवलं. बस बदला, व्होल्टेज किंचित वाढवा, सेव्ह करा, संपलं. पुढच्याच वर्षी त्यांनी बीपी६ काढला, एका बोर्डावर दोन सेलेरॉन. इंटेलच्या लेखी सेलेरॉन जोडीने चालवायचा प्रोसेसरच नव्हता. विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसायचाही नाही, त्यासाठी एनटी किंवा लिनक्स लागायचं. तरी लोकांनी तो घेतला.

आमच्याकडे या कथा दोन-तीन वर्षं उशिरा पोचल्या, मासिकांच्या पानांतून आणि हॉस्टेलच्या गप्पांतून. मी अकोल्याचा. इंजिनिअरिंगला होतो आणि २००३च्या उन्हाळ्यात मुंबईला मावशीकडे गेलो तो लॅमिंग्टन रोडवर जायचं हे ठरवूनच. ग्रँट रोड स्टेशनला उतरायचं आणि चालत सुटायचं. खिशात बाबांनी दिलेले बोनसचे पैसे. बाबा म्हणाले होते, "तुला कळतं त्यातलं, तू बघ." या वाक्याचं ओझं तेव्हा जाणवलं नाही.

दुकानदाराने दोन बोर्ड समोर ठेवले. दोन्ही ॲथलॉन एक्सपीसाठी, दोन्हींवर व्हियाचा केटी४०० चिपसेट. फरक बाराशे रुपयांचा. मी मासिकं वाचून पंडित झालेलो. फोनवर बाबांना सांगितलं, "चिपसेट तोच आहे, महागातला घेणं म्हणजे मूर्खपणा." ते बाराशे रुपये ग्राफिक्स कार्डात घातले. (कंपनीचं नाव सांगत नाही. ती एकटी नव्हती.)

दोन वर्षं झकास गेली. मग २००५चा मे उजाडला. अकोल्याचा मे ज्याने पाहिलाय त्याला जास्त सांगायला नको, वर भारनियमन. फायनल इयरचं प्रोजेक्ट याच मशीनवर. आधी मशीन अधूनमधून आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. मी विंडोजला शिव्या घातल्या, फॉरमॅट केलं. मग व्हायरसवर आळ घेतला, मग वीज मंडळावर. रॅम पुसून लावली. बाबांकडून पैसे घेऊन नवा एसएमपीएस आणला. उपयोग शून्य. शेवटी सकाळी बटण आठ-दहा वेळा दाबावं तेव्हा कुठे सुरू व्हायचं. एका दुपारी वैतागून टॉर्च घेऊन आत बघितलं. प्रोसेसरच्या शेजारी ओळीने उभे असलेले कपॅसिटर, त्यातल्या पाचांच्या टोप्या पुरीसारख्या फुगलेल्या, आणि एकाच्या डोक्यावर तपकिरी चिकट काहीतरी.

मला वाटलं माझंच नशीब फुटकं. नंतर कळलं की हा रोग जगभर पसरला होता आणि त्याला नावही होतं: कपॅसिटर प्लेग.

थोडं तांत्रिक, पण इंटरेस्टिंग आहे, सोडू नका. ॲथलॉन एक्सपी २५००+ घ्या. जास्तीत जास्त ६८ वॅट, पण व्होल्टेज फक्त १.६५. भागाकार केला की येतात सुमारे ४१ अँपिअर. घरातला दोन किलोवॅटचा गीझर जेमतेम ९ अँपिअर घेतो! हा प्रवाह प्रोसेसरच्या दारात तयार करायचा आणि मागणी क्षणात वरखाली झाली तरी व्होल्टेज हलू द्यायचं नाही, हे काम बोर्डावरच्या व्हीआरएमचं, आणि त्यातले पाणके म्हणजे हे कपॅसिटर. त्यांच्या आत ॲल्युमिनियमची गुंडाळी आणि एक द्रव असतो. अंतर्गत रोध कमी हवा म्हणून या द्रवात पाण्याचं प्रमाण बरंच ठेवत. पण पाणी ॲल्युमिनियमला खातं आणि हायड्रोजन सोडतं. ते थांबवायला द्रवात योग्य रसायनं मिसळावी लागतात. १९९९नंतर तैवानमध्ये बनलेल्या बऱ्याच कपॅसिटरांत ती नीट नव्हती. वायू साठतो, टोपी फुगते, फुटते. त्यातून उष्णता: तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. अकोला!

रसायनं का नव्हती? २००२-०३मध्ये व्यापारी मासिकांत छापून आलेली हकीकत एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. एक शास्त्रज्ञ जपानी कंपनी सोडून चीनमधल्या कंपनीत गेला, त्याच्या हाताखालच्या लोकांनी तिथून द्रवाचं सूत्र तैवानला पळवलं, पण अर्धवट पळवलं. गोष्ट फर्मास आहे. मी मात्र ती चिमूटभर मीठ घालूनच वाचतो, कारण चोर म्हणून नावानिशी कोणी समोर आलेलं माझ्या वाचनात नाही. आणि "जपानी कपॅसिटर म्हणजे निर्धास्त" हेही अर्धसत्यच. डेलच्या ऑप्टिप्लेक्स जीएक्स२७०सारख्या हजारो मशीन्समध्ये फुगलेले कपॅसिटर जपानी निचिकॉनचे होते. त्या दुरुस्तीपोटी डेलने २००५मध्ये सुमारे ३० कोटी डॉलर बाजूला काढले. ॲबिटच्या बोर्डांनाही हा रोग लागला. हे उघडपणे कबूल करणाऱ्या मोजक्या कंपन्यांत ती होती, तेवढं श्रेय द्यायला हवं. पुढे आर्थिक भानगडींत अडकून ॲबिट २००८अखेर बंद पडली.

माझं काय झालं? गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांनी त्यांच्या डब्यातले कपॅसिटर लावून दिले. आकडे जुळत होते, पण टीव्हीतले साधे कपॅसिटर, अंतर्गत रोध जास्त. काका म्हणाले, "किती दिवस टिकेल सांगता येत नाही हं." तीन आठवडे टिकलं. सबमिशन झालं आणि चौथ्या दिवशी बोर्डाने मान टाकली. बाबा काहीच बोलले नाहीत. नवीन बोर्ड घ्यायला पैसे देताना फक्त विचारलं, "या वेळी कोणता घेणारेस?" मला सांगता येईना. चिपसेटचं नाव सोडून बोर्डाकडे बघायचं कसं, हे मला ठाऊकच नव्हतं.

२००६नंतर चित्र पालटलं. गिगाबाइटच्या ९६५पी-डीएस३सारख्या बेताच्या बोर्डावरही सगळे कपॅसिटर घन पॉलिमरचे आले, आत द्रवच नाही तर फुगणार काय? त्यावर कोअर २ ड्युओ ई६३०० बसवून १.८६ गिगाहर्ट्झचे २.८ करणारे खूप निघाले. तीनशेचे साडेचारशे पुन्हा एकदा! पण शेवटचंच म्हणायचं. २०११मध्ये सँडी ब्रिजबरोबर इंटेलने घड्याळच असं बांधून टाकलं की बस वाढवली तर बाकी सगळंच वाढतं आणि कोसळतं. वेग वाढवायचा तर 'के' अक्षराचा महाग प्रोसेसर आणि महाग चिपसेट. २०१५च्या शेवटी काही कंपन्यांनी स्कायलेकसाठी बायॉसमधून पळवाट काढली, पण दोन-तीन महिन्यांत नव्या बायॉसनी ती बुजवून टाकली. फुकटातला वेग संपला. बचतीची छुपी जागा मात्र राहिलीच, फक्त सरकली.

२०२०चंच घ्या. एएमडीने मे महिन्यात जाहीर केलं की नवे रायझन बी४५० बोर्डांवर चालणार नाहीत. मोठं कारण काय, तर अनेक बोर्डांवर बायॉसची चिप १६ एमबीची, सगळ्या प्रोसेसरांची माहिती त्यात मावेना. लोक एवढे खवळले की दोन आठवड्यांच्या आत माघार घ्यावी लागली. आणि २०२२मध्ये आरएक्स ६५०० एक्सटी हे स्वस्त कार्ड आलं, त्याला पीसीआय एक्सप्रेसच्या चारच लेन्स. नव्या पिढीच्या स्लॉटमध्ये ठीक चालायचं, पण ज्या जुन्या, स्वस्त बोर्डांच्या मालकांसाठी ते काढलं असं वाटावं, त्यांच्याच तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये गळपटायचं.

हे सगळं भाच्याला सांगितलं नाही. एवढं ऐकायला तो थांबलाच नसता. माळ्यावरून जुना बोर्ड तेवढा काढून त्याच्या हातात दिला. (हो, अजून आहे. बायको दर दिवाळीला विचारते.) त्याने फुगलेल्या टोपीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे असं बाहेरून दिसतं?" म्हटलं, दिसतं, पण नंतर. मग आम्ही दुकानांच्या पानांवर बोर्डांचे फोटो मोठे करून बघत बसलो. व्हीआरएमवर हीटसिंक आहे की उघडंच आहे, रॅमचे स्लॉट दोन की चार, प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हने बायॉस बदलता येतो का. तासाभराने तो सगळ्यात स्वस्त ए५२० सोडून हीटसिंकवाल्या बी५५०वर आला. मी सुचवायच्या आधी त्यानेच यादीतले सहापैकी चार पंखे खोडले.

रॅम अजून ठरायचीय. ती पुढच्या शनिवारी.