राणीसाहेबांच्या चेहऱ्यावरचा उजेड

नोकरीनिमित्त गरौठ्यात आलेली आम्ही मराठी मंडळी. तहसील झाशी जिल्ह्यातली, म्हणून मंडपात राणी लक्ष्मीबाईंचा प्लास्टरचा अर्धपुतळाही असतो. एका वर्षी मी हौसेने दिवा त्याच्या पायाशी लावला. खालून उजेड पडताच डोळ्यांवर काळ्या सावल्या चढल्या आणि एक चिमुरडी घाबरून आईला बिलगली. दिवा वर, जरा डावीकडे टांगला. तोच चेहरा शांत, करारी दिसू लागला!

मग मनात आले, राणीसाहेब खऱ्या दिसत तरी कशा? १८५४ साली वकील जॉन लँग त्यांना भेटले. मधला पडदा छोट्या दामोदररावांनी सारला, तेव्हा क्षणभर दर्शन घडले : बुद्धिमान डोळे, पांढरी मलमल, कानांत सोने, वर्ण फारसा गोरा नाही.

राणीसाहेबांचे म्हणून फिरणाऱ्या एका छायाचित्राशी हॉफमन हे नाव जोडतात. पण कोलकात्याचा जॉन्स्टन अँड हॉफमन स्टुडिओ १८८० च्या दशकातला. राणीसाहेब तर १८५८ सालीच ग्वाल्हेरला धारातीर्थी पडल्या. शिवाय त्या काळच्या काचेवर निळा उजेड चटकन उमटे, तांबडा-पिवळा जवळजवळ नाहीच. त्यामुळे गव्हाळ वर्ण काळवंडे. म्हणजे खरा फोटो असता, तरी तोही उजेडाचीच साक्ष देता.

मंडळींनो, आपण दाखवू तशाच राणीसाहेब आपल्या मुलांना आठवतील. दिवा लावताना एवढे भान ठेवू या.